शाळेची बॅच पुन्हा जोडायची आहे? यादीपासून शाळेच्या मदतीपर्यंत सगळं क्रमाने

गेली अकरा वर्षं मी आमच्या शाळेच्या बॅचचं काम बघते आहे. तीन तुकड्या, सव्वाशेच्या वर मुलंमुली. शाळा सुटून वीस वर्षं होऊन गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "एकदा भेटूया ना सगळे." भेटलो. खूप हसलो, थोडे रडलो, शाळेसाठी काहीतरी करायचंच असं ठरवून घरी गेलो. पुढचं दीड वर्ष काहीही झालं नाही. मग आम्ही नीट बसून कामाला लागलो, आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर काही ना काही चुकत गेलं. तुमची बॅच गोळा करायचं तुमच्या मनात असेल तर निदान तेवढा वेळ तुमचा वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. बॅच जमते आठवणींवर, पण टिकते दोन वह्यांवर. एक यादीची, दुसरी हिशेबाची. या दोन वह्या नीट ठेवल्या तर बाकीचं बरंचसं आपोआप होतं.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- वर्गाचे जुने फोटो, जमतील तेवढे. मागे नावं लिहिलेली असतील तर उत्तमच
- शेवटच्या वर्षाच्या सगळ्या तुकड्यांच्या हजेरीपटातली नावं
- ऑनलाइन तक्ता, म्हणजे गुगल शीट किंवा तसलंच काही, जो किमान दोघांना उघडता येईल
- बॅचच्या नावाचा वेगळा ईमेल पत्ता
- पैशांचा विषय निघण्याआधी त्यासाठी वेगळं खातं
- शाळेत ज्यांच्याशी बोलता येईल अशा एका शिक्षकांचं किंवा मुख्याध्यापकांचं नाव

1. आधी चौघं जमवा, मग सगळे

एकट्याने सुरू करू नका. एकटा माणूस वर्षभर उत्साहाने धावतो, मग घरात आजारपण येतं किंवा नोकरीत बदली होते आणि सगळं थांबतं. प्रत्येक तुकडीतला निदान एक जण घ्या आणि मुलगे व मुली दोन्हीकडचे घ्या. आमच्या पहिल्या चौकडीत चारही मुलगे होते. परिणाम असा झाला की पहिल्या यादीत मुलींच्या नावापुढचे रकाने कोरे. त्यांच्याशी संपर्क ठेवणारं त्या चौघांत कुणीच नव्हतं.

चौघांत कामं वाटून घ्या: यादी एकाकडे, हिशेब एकाकडे, शाळेशी बोलणं एकाकडे, निरोप आणि ग्रुप एकाकडे. यादी आणि हिशेब एकाच माणसाकडे नको.

2. यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

शाळेच्या कार्यालयात जुने हजेरीपट असतात. रीतसर अर्ज लिहा आणि फक्त नावं मागा. पत्ते आणि फोन नंबर शाळा देणार नाही आणि तिने देऊही नयेत. ते तुम्हाला माणसागणिक, त्या माणसाला विचारूनच मिळवायचे आहेत.

तक्त्यात एवढे रकाने पुरतात: शाळेतलं पूर्ण नाव, आताचं नाव, तुकडी, फोन, ईमेल, गाव किंवा देश, कुणामार्फत सापडले, शेवटचं बोलणं कधी झालं, आणि नंबर ग्रुपमध्ये द्यायला चालेल का. शेवटचा रकाना विसरू नका. आम्ही सुरुवातीला सगळ्यांचे नंबर एका तक्त्यात टाकून तोच तक्ता सगळ्यांना पाठवला. आठवडाभरात एका मैत्रिणीला नको असलेले फोन येऊ लागले. तेव्हापासून पूर्ण यादी दोघांकडेच असते आणि कुणाचा नंबर हवा असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारतो.

'शाळेतलं नाव' आणि 'आताचं नाव' हे दोन वेगळे रकाने कशासाठी, ते माझ्यावरूनच सांगते. लग्नानंतर माझं आडनाव बदललं आणि बॅचमधले लोक तीन वर्षं मला जुन्या नावाने शोधत होते. मुलींची नावं यादीत शाळेतल्याच नावाने लावा, आताचं नाव शेजारी लिहा. वर्ग त्यांना त्याच नावाने ओळखतो.

बॅचमध्ये कोण, हे आधी ठरवून टाका. आमचा नियम साधा आहे: त्या वर्गात जो एक दिवस जरी बाकावर बसला, तो आमचा. अर्ध्यातून शाळा सोडलेले, नापास होऊन मागे राहिलेले, वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या शाळेत गेलेले, सगळे. हा नियम आम्ही एका फोटोमुळे केला. फोटोच्या मागे कुणीतरी पेन्सिलीने ओळीओळीने नावं लिहिली होती. तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथ्या मुलाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं. तो मुलगा आमच्या वर्गात आठच महिने होता. त्याच्या जुन्या शेजाऱ्यांमार्फत शेवटी त्याचा नंबर मिळाला. मी फोन केला, कोण बोलते आहे ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तुमच्यात धरला जातो का?" आता दर वर्षी सगळ्यात आधी त्याची वर्गणी येते.

शोधायचे मार्ग: भावंडं (बहुतेकांची भावंडं त्याच शाळेत असतात), जुने शेजारी, शिक्षक, फेसबुक, लिंक्डइन. सापडलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "तुझ्या संपर्कात आपल्यातलं अजून कोण आहे?" या एका प्रश्नाने जेवढी माणसं सापडली तेवढी इतर कशानेही नाही. जे वारले आहेत त्यांची नावं यादीतून काढू नका. त्यांच्यासमोर तसं लिहा आणि घरच्या कुणाचा संपर्क असेल तर तो ठेवा.

3. ग्रुप करताना

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात, त्यामुळे एका बॅचला जागा कमी पडत नाही. माणसं जास्त झाल्याने ग्रुप सहसा मोडत नाही. रोजच्या शुभेच्छा, राजकारण आणि फॉरवर्ड केलेले व्हिडिओ यांत कामाचा निरोप हरवतो, लोक ग्रुप म्यूट करतात आणि मग भेटीची तारीखसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

त्यावर उपाय म्हणजे दोन ग्रुप. एक गप्पांचा, तिथे हवं ते बोला. दुसरा फक्त सूचनांचा, त्यात 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग चालू करा आणि महिन्याला दोन-तीनपेक्षा जास्त निरोप टाकू नका. हा दुसरा ग्रुप कुणी म्यूट करत नाही.

काही छोट्या गोष्टी, ज्यांवरून आमचे घोळ झाले:

- अ‍ॅडमिन किमान तिघे ठेवा. एकाचा फोन हरवला तरी ग्रुप अडत नाही.
- ब्रॉडकास्ट लिस्टवरून (म्हणजे ग्रुप न करता एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) पाठवलेला निरोप, ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. "मला कळवलंच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते आणि तिचं कारण हे असतं.
- तारीख ठरवायला पोल वापरा, पण पर्याय तीनच द्या. पोलमध्ये 12 पर्याय देता येतात म्हणून बारा दिले तर कुठल्याच तारखेला बहुमत मिळत नाही.
- जे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत त्यांची वेगळी छोटी यादी करा आणि प्रत्येकाला फोन करणारी एक व्यक्ती नेमून द्या. आमच्याकडे असे सात जण आहेत.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे जन्मभराच्या आठवणी एकाच ठिकाणी ठेवणं. ऑर्कुट ही फेसबुकसारखी जुनी साइट 2014 मध्ये बंद झाली, ईमेलवर चालणारे याहू ग्रुप्स डिसेंबर 2020 मध्ये. तिथे बॅचचे फोटो आणि पत्रं ठेवलेल्या किती जणांना ती वेळेत उतरवून घेता आली नाहीत. गुगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलंच नाही तर गुगल ते मजकुरासकट काढून टाकू शकतं, त्यामुळे बॅचच्या ईमेलमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी शिरत राहा. फोटो दोन जागी ठेवा, त्यातली एक जागा कुणाच्या तरी घरातली हार्ड डिस्क असू द्या. जुने छोटे फोटो स्कॅन करताना 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके, ही स्कॅनरची सेटिंग) करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान होतात आणि मागच्या ओळीतले चेहरे पुसट होतात.

4. पहिली भेट

पहिली भेट शक्यतो शाळेतच ठेवा. सुट्टीचा दिवस बघून मुख्याध्यापकांकडे लेखी परवानगी मागा. तारीख किमान चार महिने आधी सांगा. परगावी आणि परदेशी असलेल्यांना त्याशिवाय जमत नाही.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलते. भेटीची वर्गणी सगळ्यात कमी कमावणाऱ्या मित्राला परवडेल एवढीच ठेवा. महागड्या जागी भेट ठेवली की काही जण "त्या दिवशी काम आहे" असं सांगतात, आणि आपण ते खरं मानून पुढे जातो. आम्ही आता वर्गणी अगदी थोडी ठेवतो, वरचा खर्च ज्यांना शक्य आहे ते खजिनदाराकडे गुपचूप देतात, कुणी किती दिले ते कुणालाही कळत नाही.

कार्यक्रम भरगच्च करू नका. भाषणं नकोत, सत्कार थोडके. आमच्या पहिल्या भेटीत सगळ्यात चांगलं काय झालं असेल तर हजेरी. आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी जुना क्रम धरून एकेक नाव घेतलं. लोक "हजर" म्हणत उभे राहत होते. मग एक नाव आलं, ज्याचा मालक दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. बाई थांबल्या. मागच्या बाकावरून त्याचा जिवलग मित्र उठला आणि त्याच्या वतीने "हजर" म्हणाला. त्यानंतरचा वेळ नुसत्या गप्पांना ठेवला होता, ते बरं झालं.

शिक्षकांना बोलवताना आणण्या-पोचवण्याची जबाबदारी नावानिशी कुणाला तरी द्या. वयस्कर शिक्षकांना जिने चढायला लागणार नाहीत अशी खोली घ्या. हे वरवरचं वाटतं, पण गुडघे दुखणाऱ्या बाई वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे एवढ्यावरून येत नाहीत.

5. पैसे येण्याआधी हिशेबाची वही

पैसा एका रुपयाचा असो की लाखांचा, कुणाच्या वैयक्तिक खात्यात गोळा करू नका. माणूस कितीही सज्जन असला तरी दोन वर्षांनी त्याचे घरचे पैसे आणि बॅचचे पैसे वेगळे काढणं त्यालाच कठीण जातं, आणि संशयाने जुनी मैत्री तुटते. आमच्याकडे एक मैत्री अशी तुटली. पैसे चोख होते, फक्त नोंद नव्हती. ती अजून जुळलेली नाही.

त्यामुळे:

- खातं संयुक्त असावं आणि पैसे काढायला दोघांची सही लागावी.
- दर तीन महिन्यांनी जमा, खर्च, शिल्लक असा एक पानाचा हिशेब सूचनांच्या ग्रुपवर टाका. काही घडलं नसेल तरी टाका.
- कुणी किती दिले हे जाहीर करू नका. दिलेल्यांची नावं अकारविल्हे लावा, आकडे खजिनदाराच्या वहीत राहू द्या.
- प्रत्येक खर्चाची पावती फोटो काढून जपा.
- वर्षातून एकदा चौकडीबाहेरच्या एखाद्या मित्राकडून हिशेब तपासून घ्या.

रक्कम मोठी होऊ लागली, करसवलत हवी असली, किंवा परदेशात राहणाऱ्यांकडून पैसे येणार असले तर नुसतं संयुक्त खातं पुरत नाही. संस्था नोंदवावी लागते, आणि देणग्यांचे नियम प्रत्येक देशात निराळे असतात, परदेशी देणग्यांचे तर फारच कडक. अशा वेळी पैसे घेण्याआधी हिशेबतपासनिसाचा सल्ला घ्या, नंतर नको. छोट्या बॅचसाठी सोपा रस्ता म्हणजे खर्च थेट करणं: शाळेला वस्तू हवी असेल तर पैसे दुकानदाराला द्यायचे आणि बिल शाळेच्या नावाने घ्यायचं.

6. शाळेला काय हवं ते शाळेला विचारा

या पायरीवर आमची सगळ्यात महाग चूक झाली. पहिल्याच वर्षी आम्ही शाळेला सहा संगणक दिले. काय द्यायचं ते आम्हीच ठरवलं होतं. फीत कापली, फोटो निघाले. पुढच्या वर्षी गेले तर संगणक कापडाखाली झाकलेले. त्या खोलीत विजेचा एकच प्लग होता आणि संगणक शिकवणाऱ्या बाई दुसरीकडे गेल्या होत्या. दोष शाळेचा नव्हता. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मी मुख्याध्यापकांना पहिल्यांदा विचारलं, "सध्या कशाची अडचण होते?" ते जरा घुटमळले, मग मला मुलींच्या स्वच्छतागृहाकडे घेऊन गेले. तीनपैकी दोन दारांना आतून कडी नव्हती. मुली जोडीने जायच्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून. त्या दोन कड्यांना लागलेला खर्च एका संगणकाच्या माऊसपेक्षा फार नव्हता. त्याच आठवड्यात कड्या बसवल्या.

तेव्हापासून काहीही देण्याआधी आम्ही चार प्रश्न विचारतो:

- हे कुणी मागितलं? फक्त मुख्याध्यापकांनी, की शिकवणाऱ्यांनी आणि मुलांनीसुद्धा?
- हे रोज कोण वापरणार आणि किल्ली कुणाकडे राहणार?
- बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठून येणार?
- तीन वर्षांनी हे कुठे असेल?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर वस्तू देऊ नका, किंवा दुरुस्तीची रक्कम बाजूला काढूनच द्या. पुस्तकांच्या बाबतीत हे हमखास होतं. पुस्तकं येतात, पण नोंदवायला माणूस नसतो, म्हणून ती कुलपात जातात. आमच्या दोन मैत्रिणी सलग चार शनिवार जाऊन पुस्तकं नोंदवत बसल्या, तेव्हा कपाट उघडं राहू लागलं. ठरलेलं सगळं शाळेकडून साध्या पत्रावर लिहून घ्या. मुख्याध्यापक बदलतात आणि तोंडी बोलणं त्यांच्याबरोबर जातं.

शिष्यवृत्ती द्यायची असेल तर मुलं निवडण्याचं काम शिक्षकांवर सोपवा, बॅचने त्यात पडू नये. मदत घेणाऱ्या मुलाला स्टेजवर बोलावू नका, त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. तुम्ही त्या वयात असता तर कसं वाटलं असतं, एवढं आठवलं तरी पुरे.

कायम ठेवीतून बक्षीस किंवा शिष्यवृत्ती सुरू करण्याचा मोह प्रत्येक बॅचला होतो, म्हणून गणित आधी करा. कायम निधी जपणाऱ्या पुष्कळ संस्था दर वर्षी मूळ रकमेच्या साधारण 4 ते 5 टक्केच खर्च करतात, म्हणजे महागाईतही निधी टिकतो. एक लाखाच्या ठेवीतून वर्षाला चार-पाच हजारच हाती येतात. सगळं व्याज खर्च केलंत तर मूळ रक्कम वाढत नाही, आणि महागाईमुळे पंधरा वर्षांनी त्याच बक्षिसात आजच्यापेक्षा बरंच कमी येईल. लहान बॅचला ठेवीपेक्षा दर वर्षीची छोटी वर्गणीच झेपते. ही पद्धत जुनी आहे: अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांकडून दर वर्षी देणगी गोळा करणारा निधी 1890 मध्येच सुरू केला.

7. पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतं ते

शाळेतल्या मुलांना आपल्या कामाबद्दल सांगायला जा. डॉक्टर आणि इंजिनियर सगळ्यांना ठाऊक असतात. आमच्यातला एक जण लिफ्ट दुरुस्त करतो, एक मैत्रीण कोर्टात दुभाषी आहे, एक जण बोटीवर स्वयंपाकी आहे. सगळ्यात जास्त प्रश्न लिफ्टवाल्या मित्राला आले. त्याने दोराचा एक कापलेला तुकडा आणला होता, आतल्या तारा मोजायला मुलांची गर्दी झाली.

बॅचमधल्या बॅचमध्येही हेच लागू आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं की नव्या कामाची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. वीस वर्षांत न भेटलेला वर्गमित्र म्हणजे अशीच ओळख. 'मला कशात मदत हवी' आणि 'मी कशात मदत करू शकतो' असे दोन रकाने यादीत जोडा. आमच्याकडे त्यातून तिघांना काम मिळालं.

मुलांना मार्गदर्शन करताना एक नियम पक्का ठेवा: शिक्षक खोलीत हवेत, कुठल्याही मुलाचा नंबर घ्यायचा नाही, एकट्याने मेसेज करायचा नाही. कितीही चांगला माणूस असला तरी हा नियम सगळ्यांना.

8. आपल्यातलं कुणी अडचणीत असेल तर

आजारपण, नोकरी जाणं, घरात मृत्यू. अशा वेळी ग्रुपवर परस्पर आवाहन टाकू नका. आधी त्या व्यक्तीला किंवा घरच्यांना विचारा, काय सांगितलेलं चालेल आणि किती. आमच्यातल्या एकाचा आजार त्याला न विचारता ग्रुपवर आला, तो पुढे वर्षभर कुणाशी बोलला नाही. आता ज्याला मदत लागते तो चौघांपैकी कुणालाही सांगतो आणि नाव बाहेर येत नाही. या मदतीचे पैसे शाळेच्या पैशांत मिसळू नका, वहीत वेगळं पान करा.

9. काम पुढच्या हाती देताना

दर तीन वर्षांनी चौघांपैकी दोघे बदला, चारही एकदम नको. नव्या माणसाला द्यायच्या गोष्टी लिहून ठेवा: ईमेलचा पासवर्ड, तक्त्याचे अधिकार, खात्यावरच्या सह्या बदलण्याचे कागद, शाळेची पत्रं, पावत्यांची फाइल आणि फोटोंची हार्ड डिस्क. सह्या बदलायला बँकेत वेळ लागतो, म्हणून ते महिनाभर आधी सुरू करा.

वर्षाचं वेळापत्रक एवढंच ठेवलं तरी चालतं: शाळा सुरू होण्याच्या आधी मुख्याध्यापकांशी एक बैठक, वर्षातून एक भेट, दर तीन महिन्यांनी हिशेब, आणि दर सहा महिन्यांनी यादीवरून नजर. ज्यांच्याशी वर्षभरात कुणीच बोललं नाही त्यांची नावं चौघांत वाटून घ्या आणि नुसतं "कसा आहेस" विचारायला फोन करा. आमच्या यादीत अजून अकरा जणांच्या पुढचे रकाने कोरे आहेत. या रविवारी त्यातल्या एकीच्या धाकट्या भावाचा नंबर मिळाला आहे, संध्याकाळी फोन लावणार आहे.